सात ते अठरा मे

रेवंडकर मावशींनी फ्रिजवर चिठ्ठी लावली:
सात ते अठरा मे पाळणाघर बंद राहील.
भाचीचं लग्न, देवगड.
आपापली सोय करावी.

आपापली सोय.
चपला काढता काढता वाचलं,
जुईची बाटली, डबा, एक ओला मोजा
पिशवीत भरताना पुन्हा वाचलं.
दुसरा सापडेल उद्या, मावशी म्हणाल्या,
अठरा मुलं म्हणजे छत्तीस मोजे.

कन्नमवार नगरात शिरेपर्यंत हिशेब झाला:
बारा दिवस.
दोन रविवार वजा, दुसरा शनिवार वजा.
उरले नऊ.
दुधाच्या वहीचं मागचं पान उघडलं.

सात, आठ: मी.
कांजिण्यांनी खाऊन उरलेल्या दोन रजा.
अकरा, बारा: विद्याधर.
कार्गोतली रात्रपाळी करून साडेआठला येतो,
म्हणाला, झोपेन तिच्या शेजारीच, वरची कडी लावून.
मी त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.
त्यानं खोडलं.
तो कामावर गेल्यावर मी परत काढलं.
तेरा, चौदा: डोंबिवलीच्या वन्सं,
गुडघ्यानं परवानगी दिली तर.
सोळा: विद्याधरची सुट्टी.
पंधरा आणि अठरापुढे
पेन नुसतंच टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत.

मंडळाच्या हॉलमध्ये उन्हाळी शिबिर आहे.
मातीकाम, श्लोक, रोबोट.
अठ्ठावीसशे रुपये, टोपी मोफत,
वेळ दहा ते बारा.
बारानंतर मूल कुठे ठेवायचं
हे रंगीत पत्रकात कुठेच नाही.
शिबिर बहुधा त्यांच्यासाठी आहे
ज्यांच्या घरी कुणीतरी असतं
आणि त्या कुणालातरी दोन तास हवे असतात.
मला त्याचा राग येत नाही.
थोडा येतो.

सोय जाणे तो सोयरा.
फोनमधले सोयरे वर-खाली सरकवून पाहिले.
आमच्या लग्नाला चारशे पानं उठली होती.
एका शुक्रवारच्या दुपारपुरतं
त्यातलं एकही माणूस नाही.

काल पोचायला सव्वासात झाले.
जाळीच्या दारातून दिसलं,
जुई पाळणाघर खेळत होती.
घर-घर नाही, पाळणाघर.
पाच बाहुल्या आणि एक बिनचाकाची जीप
भिंतीला पाठ लावून रांगेत.
एकेकीला दप्तर अडकवून दाराशी नेत होती:
हिचे बाबा आले. हिची आजी आली.
जीपलाही कुणीतरी न्यायला आलं.
शेवटी उरलेल्या कापडी सशाला
तिनं मांडीवर घेतलं, आणि हुबेहूब मावशींच्या आवाजात:
येतेय हो तुझी आई, पुलावर असेल.
तोवर आपण लसूण सोलू.
ससा रडत नव्हता.
मला वाटलं होतं, ती रडवेल त्याला.

मग मी बेल वाजवली.

मावशींनी दुसरा मोजा दिला, धुऊन, घडी करून.
मी चिठ्ठीकडे बघतेय हे त्यांना कळलं असावं.
म्हणाल्या, भाची म्हणजे माझं पहिलं पोर हो.
बहीण गिरणीत जायची,
शाळा सुटली की ही थेट माझ्याकडे.
तेव्हा पाळणाघर हा शब्दही नव्हता माझ्या तोंडात.
आता म्हणते, हळद तूच लावायचीस.
मी म्हटलं, जायलाच हवं.
खरंच म्हटलं.

जिन्यात आयझॅकची आई भेटली.
खांद्यावर आयझॅक झोपलेला, लाळेनं ओढणी भिजलेली.
पंधराला मी घरी आहे, म्हणाली,
जुईला पाठवा. अठराला तुम्ही?
माझ्याकडे रजा नव्हती. हो म्हणाले.
दोन वर्षं आम्ही एकाच जिन्यात भेटतोय,
तिचं नाव मला माहीत नाही.

पंधरा: आयझॅकची आई.
अठरा: मी, बिनपगारी, मुलं दोन.

वही मिटणार तोच वन्संचा फोन आला.
गुडघा नाही म्हणतोय.
मी तेरा खोडलं.
चौदा तूर्तास तसाच ठेवला.